बरोबरी झाल्यास

रंगाच्या कारखान्यात डब्यातला रंग नमुन्याशी जुळतो की नाही हे ठरवणारा एक माणूस असतो. या कारखान्यात तो बावीस वर्षं एकच होता. दोन पट्ट्या दिव्याखाली धरायच्या, डोळे बारीक करायचे आणि ‘जुळलं’ किंवा ‘नाही’ एवढंच बोलायचं. त्याच्या ‘नाही’पुढे मालकाचीही मात्रा चालत नसे. त्यामुळे कारखान्यातल्या बारा जणांनी फँटसी फुटबॉलची लीग काढली, तेव्हा नियम लिहायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. त्याबरोबर नियमभाऊ हे नावही पडलं, आणि ते त्याला मनातून आवडायचं, हे काही तो कबूल करायचा नाही.

खेळ साधा होता. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाने खऱ्या संघांतले खेळाडू निवडून आपला कागदी संघ बांधायचा. ते खेळाडू खऱ्या सामन्यांत जे दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला; राखीव ठेवलेल्यांचे गुण मात्र बेरजेत धरायचे नाहीत. दर आठवड्याला दोघादोघांची लढत, आणि शेवटी गुणतक्त्यातल्या पहिल्या चौघांची बाद फेरी. यंदा नियमभाऊ दुसरा आला होता. पहिली आली होती त्याची मुलगी.

मुलगी कारखान्यात नव्हती. दोन वर्षांपूर्वी होती. बापानेच तिला शब्द टाकून रंगखोलीत चिकटवलं होतं. आठ महिन्यांनी तिने न सांगता राजीनामा दिला आणि दुसऱ्या गावी कानाची यंत्रं बसवणाऱ्या दुकानात लागली. त्या दिवशी तो तिला जे बोलला ते त्याला आजही आठवायला नको वाटे. तेव्हापासून ती घरी आली नव्हती. आईशी रोज बोलायची. तिला ताप येऊन गेल्याचं, तिने खोली बदलल्याचं त्याला बायकोकडून दोन-चार दिवसांनी कळायचं. त्याला मात्र तिचा फोन फक्त सोमवारी, आणि तोही लीगचा. कोणाला दुखापत झाली, कोणाला राखीव ठेवायचं. लीगमधलं तिचं नाव कोणी काढलं नव्हतं, एवढाच काय तो धागा उरला होता.

मागच्या सोमवारी ती म्हणाली होती की फायनलला आपण दोघं आलो तर घरी येते, समोरासमोर बसून बघू. त्यावर तो ‘बरं’ म्हणाला आणि आठवडाभर त्याला धड झोप लागली नाही.

आता या सोमवारी निकाल समोर होता. मुलीने व्हॅनच्या ड्रायव्हरला लोळवलं होतं. नियमभाऊची लढत होती गोदाम सांभाळणाऱ्या बाईंशी, आणि तिथे दोघांचे एकाहत्तर-एकाहत्तर झाले होते. बाद फेरीत असं कधी घडलंच नव्हतं.

सकाळी बाई स्वतःच रंगखोलीत आल्या. नियमांच्या कागदाची आपली झेरॉक्स त्यांनी बरोबर आणली होती. बरोबरी झाल्यास काय, याखाली दोन ओळी होत्या. पहिली, गुणतक्त्यात वर असलेला पुढे जाईल. दुसरी, ज्याच्या राखीव खेळाडूंचे गुण जास्त तो पुढे जाईल. बाई तिसऱ्या होत्या, म्हणजे पहिल्याच ओळीत निकाल लागला, दुसरीपर्यंत जायचं कारणच नाही, असं त्यांनीच त्याला समजावून सांगितलं आणि अभिनंदन केलं. दोन वर्षं तळाला राहून त्या यंदा पहिल्यांदा इथवर आल्या होत्या. जाताना त्या हसल्या, पण ते हसू काही फार टिकलं नाही.

त्या गेल्यावर त्याने खण उघडला आणि मूळ कागद काढला. पहिल्या ओळीवर पेन्सिलीची रेघ होती.

रंगखोलीत रंग मिसळायची चुकलेली कृती कधी खोडत नाहीत. तिच्यावर पेन्सिलीची बारीक रेघ मारतात आणि नवी कृती खाली लिहितात, म्हणजे जुनी वाचताही येते. हाडात भिनलेली सवय. नियमांच्या कागदावरही त्याने हंगामाआधी तेच केलं होतं. वरच्या क्रमांकाला मुळातच सोपा प्रतिस्पर्धी मिळतो, मग बरोबरीतही त्यालाच झुकतं माप कशाला, असं म्हणून त्याने पहिल्या ओळीवर रेघ मारली आणि राखीव खेळाडूंचा नियम खाली लिहिला. झेरॉक्सच्या यंत्राने ती फिकट रेघ काही उचलली नाही. बारा जणांच्या हातात दोन्ही ओळी गेल्या, आणि सगळ्यांनी त्या क्रमाने वाचल्या.

राखीव खेळाडूंचे गुण त्याने तीनदा मोजले. बाईंचे एकोणीस. त्याचे सहा.

मग त्याच्या डोक्यात वकिली सुरू झाली. सगळ्यांनी वाचला तो नियम खरा, की खणातला? लोकांनी संघ बांधले ते झेरॉक्स वाचून. ऐन वेळी खणातून कागद काढणं हीच लबाडी नाही का? चहाला ड्रायव्हरने नाणं उडवायची सूचना केली, नाण्यावर कोणी रुसत नाही म्हणे. कोणीतरी म्हणालं, जास्त गोल ज्याचे तो जिंकला. सगळे गमतीत बोलत होते आणि याचा चहा कपातच निवत होता. त्या सकाळी त्याने एका करड्या रंगाला ‘जुळलं’ म्हटलं आणि पाच मिनिटांनी धावत जाऊन तो डबा परत आणला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

निकाल जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर लागायचा होता. सुट्टी होताच त्याने जिन्यात जाऊन मुलीला फोन लावला. समज, दोन जण आहेत, अशी सुरुवात करून त्याने नावं न घेता सगळं सांगितलं. झेरॉक्सची बाजू जरा जास्तच रंगवली.

मग तिने विचारलं, “रेघ मारली तेव्हा ती कोणाच्या फायद्याची आहे हे माहीत होतं?”

“नाही. तेव्हा संघही ठरले नव्हते.”

“आणि आज झेरॉक्स धरली तर कोणाचा फायदा, हे माहीत आहे?”

“माहीत आहे.”

“मग रेघ खरी, बाबा.” ती म्हणाली, “एकाहत्तर-एकाहत्तर मलाही फोनवर दिसतात. कोण दोघं ते मला कळतंय.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आपल्याविरुद्ध बोलली याचं वाईट वाटावं, की ती आपलीच मुलगी म्हणून छाती फुगावी, तेही त्याला कळेना. फोन ठेवू नकोस, एवढं सांगून तो खाली आला. रेघेवरून पेन फिरवून ती ठळक केली, मूळ कागद फळ्यावर टाचला आणि खाली लिहिलं, फायनलमध्ये गोदामबाई. बाई तिथेच डबा खात होत्या. त्या उठून जवळ आल्या, वाचलं, पुन्हा वाचलं.

“भाऊ, हे तुम्ही दाखवलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं,” त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली आणि तो परत जिन्यात गेला. आता लीगचं बोलायचं काहीच उरलं नव्हतं. त्याचा हंगाम संपला होता, आणि पुढच्या सोमवारी तिने फोन करायचं कारणही. फोन कानाला लावला तरी त्याला आधी वाटलं, ती गेली असेल.

“आहेस?”

“आहे.”

“रविवारी घरी ये.”

“आपली फायनल नाही ना आता.”

“नसू दे. मी तेव्हा जे बोललो ते चुकीचं बोललो. तू ये.”

पलीकडे दुकानात कोणीतरी मोठ्याने आकडे म्हणत होतं, बहुधा कोणाचा तरी कान तपासत होते. नियमभाऊने जिन्याचा कठडा घट्ट धरला होता.

“आईला मी सांगू,” ती म्हणाली, “की तुम्ही सांगाल?”

“मी सांगतो,” तो म्हणाला.