सरकवलेलं ताट

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. तरी आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाच्या घरात भांडण झालं, की बोलावणं मला येतं. एकट्या माणसाला वेळ असतो असं लोकांना वाटतं. खरंच असतो. बायको वारून बरीच वर्षं झाली.

गेल्या पावसाळ्यात माझ्या दोस्ताची बायको शहापूरला भावाकडे निघून गेली. रविवारच्या प्रार्थनेनंतर सगळे जेवायला बसलेले, आणि यानं चार माणसांत तिनं वाढलेलं ताट 'खारट आहे' म्हणून सरकवलं. घरात बेबनाव असला की प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही, असा आमच्यात रिवाज. प्रार्थनेत त्या भाकरीची ताटली फिरत आली की तो न घेता शेजारी बसलेल्याकडे द्यायचा. संध्याकाळी मात्र माझ्या चुलीपुढं जेवायला बसायचा. माझ्या भाताला कधी बरं म्हणाला नाय, पण दोनदा घ्यायचा.

पाळक आणि आणखी दोघं शहापूरला जाऊन आले. प्रार्थना केली, चहा प्याले, परत आले.

मी म्हटलं, "ताट चार माणसांत सरकवलंय. चार माणसांतच पुढ्यात ओढावं लागंल."

कुणी मनावर घेईना. मग भातकापणी उरकल्यावर मीच दोस्ताला एस.टी.त घातला. ती परत आली की माझ्या चुलीपुढं कोण बसणार नाय, हे मला कळत होतं. तरी घातला.

भावाचं सगळं घर जमलं होतं. मी बोलायला लागलो तर ती म्हणाली, "दादा, तुमी गप बसा. ह्यांना तोंड नाय का?"

दोस्त खाली बघून म्हणाला, "भूक लागलीय गो. वाढ."

तिनं भाकर आणि सुकट वाढली. त्यानं ताट पुढ्यात ओढलं.

"मीठ?" तिनं विचारलं.

"बरोबर हाय."

"खोटं! मुद्दाम जास्त घातलंय मी."

"मंग अजून एक भाकर दे."

भावजय तोंडाला पदर लावून हसली. दोस्ताची बायको आत गेली ती पिशवी घेऊनच बाहेर आली.

पुढच्या प्रभुभोजनाला दोघांनी भाकर घेतली. त्या संध्याकाळी सवयीनं माझ्या हातून भांड्यात तांदूळ पडले ते दोस्ताचे धरून दोघांचे. तिची बाहेरून हाक आली, "दादा, जेवायला या ना, थांबलोय आमी."

"जेवलो मी," मी आतूनच ओरडलो. अजून भात शिजत होता.

उरलेला सकाळी कोंबड्यांना घातला.