जांभ्याखालची पांढरी माती

लोक साताऱ्याला फुलं बघायला जातात, मी माती बघायला जाते. काही प्रकारची चिकणमाती भाजून सिमेंटमध्ये मिसळली की चुनखडक कमी जाळावा लागतो आणि कार्बनही कमी सुटतो. आमची प्रयोगशाळा तशी माती शोधते आहे. सोबत होते उंब्रजचे रफिकभाई. त्यांची वीटभट्टी बंद पडायला आली आहे. कामाची माती लागली तर ती भाजायचं काम त्यांना मिळणार होतं.

पहिल्या दिवशी जत. जेवण कवठे महांकाळलाच उरकून घ्या, पुढं फारसं काही मिळत नाही. ओढ्याकाठी पांढरीशुभ्र दरड दिसली आणि गाडी नीट थांबायच्या आत रफिकभाई उतरले. मी आम्लाचे थेंब टाकले. माती फसफसली. तिच्यात चुनाच जास्त.

"मंजी न्हाईच?"

"नाही."

परतताना गाणी लावायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी उंब्रजहून पाटणच्या बाजूचं पठार. घाट अरुंद आहे, वळणांवर हॉर्न वाजवत जा. वर जांभा दगड आणि त्याखाली फिकट, मऊ माती. आम्ल टाकलं तरी गप्प राहिली. "हीच असावी," मी म्हणाले, तसे रफिकभाई मटकन खाली बसून हसायला लागले.

तेवढ्यात खालच्या गावातल्या कमळाताई घमेल्यात तीच माती भरायला आल्या.

"झऱ्याच्या कुंडाला," त्यांनी सांगितलं. "पावसाच्या आदी घरटी एक बाई येती आन् कुंड आतनं लिंपती. ह्या मातीतनं पाणी जात न्हाई."

आम्ही दोघं त्यांच्यामागं उतरलो. झरा बरोबर जांभा आणि माती यांच्या सांध्यातून येत होता. दगडातून मुरलेलं पाणी मातीपाशी अडून बाहेर पडत होतं. माती काढली तर झरा जाणार. 

"गावाला दुसरं पानी?" रफिकभाईंनी विचारलं.

"ह्योच झरा, भाऊ."

रफिकभाई ओंजळीनं पाणी प्यायले. घाट उतरताना म्हणाले, "मॅडम, झरा तुमच्या कागदात यायलाच पायजे व्हय?"

मी पुढच्या वळणावर हॉर्न वाजवला. मला राग आला नाही, नुसतं वाईट वाटत राहिलं.

प्रयोगशाळेत परतल्यावर सोबत आणलेल्या नमुन्याच्या चाचण्या झाल्या. माती उत्तम निघाली. अहवालात मी झऱ्याचं लिहिलं, खोदकाम नको असंही लिहिलं, आणि रफिकभाईंना फोन करून तसं सांगितलं. 

"पानी लय गार हुतं, न्हाई?" ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. भट्टीचं विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.