पैठणीवरून ओळखलेली विहीण

चहा घ्या, पण कप जरा खाली ठेवून ऐका. हा किस्सा ऐकताना चहा हमखास सांडतो आणि नेमका माझ्याच अंगावर सांडतो, असा अनुभव आहे. आमच्या रेवतीचं जमत आलेलं लग्न मी स्वतःच्या हाताने मिसळीच्या रश्श्यात कसं बुडवत होतो, हे ऐकून अजून कुणी गंभीर राहिलेलं नाही. तुम्ही तरी का राहाल?

झालं असं, की रेवतीला येवल्याचं स्थळ आलं. आणलं माझ्या मेव्हणीने. मुलगा निखिल, नोकरी इथे नाशकातच, आणि घरचा धंदा पैठणीचा. मुलगा-मुलगी दोनदा भेटली, दोघांनी माना डोलावल्या. आता राहिली होती आईबापांची भेट. मुलाच्या वडिलांनी मेव्हणीकडून निरोप धाडला, की घरी कांदेपोह्यांचा थाट नको, सगळेच अवघडून बसतात. त्यापेक्षा रविवारी सकाळी मिसळ खायला भेटू. मला तो माणूस न बघताच आवडला. रेवतीला तर मुलगा इतका आवडला होता, की त्या आठवड्यात ती माझ्याशीसुद्धा गोड बोलत होती! म्हणजे बघा, बिघडलं असतं तर केवढं बिघडलं असतं.

गंगापूर रोडला आतल्या बाजूला आमची एक ठरलेली जागा आहे. पत्र्याची शेड, मोजकी टेबलं, चुलीवरचा काळा रस्सा. रविवारी तिथली पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. जो खातोय त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं आणि त्याचा शेवटचा पाव कधी संपतो ते बघत राहायचं, नाहीतर बेसिनपाशी लाईनीत नंबर लावायचा. म्हणून आम्ही लवकर जाऊन मोठं टेबल धरलं. एका खुर्चीवर पर्स, एकीवर माझा रुमाल, एकीवर रेवतीची ओढणी आणि एकीवर आमची ही, अशी नाकेबंदी करून टाकली.

हिने विचारलं, "त्यांना ओळखणार कसं? फोटो तर फक्त मुलाचा बघितलाय."

आता मी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवलेली. मैदानात हजार पोरांतून शिट्टी कुणी वाजवली हे मी पाठमोरा ओळखायचो. मी म्हटलं, येवल्याची माणसं काय लपून राहतात होय?

आणि नाहीच राहिली. दारात मोरपंखी पैठणी दिसली! भरजरी पदर, नाकात नथ, शेजारी जाकीट घातलेले गृहस्थ. दोघंही मान उंच करकरून कुणाला तरी शोधतायत. रविवारी सकाळी मिसळ खायला पैठणी कोण नेसेल? ज्यांच्या घरात ती विणतात तेच ना? मी हिला कोपराने ढोसलं आणि धावलो.

हात जोडून म्हटलं, या, या, तुमचीच वाट बघत होतो, टेबल धरून ठेवलंय. दोघं क्षणभर बावरले आणि मग असे खूश झाले, की विचारू नका. ती दोघं जागाच शोधत होती, हे मला तेव्हा कुठे माहीत! आपल्या गावात रविवारी भरल्या हॉटेलात कुणी हात धरून खुर्चीवर नेऊन बसवलं, तर नावगाव विचारत बसेल का कुणी?

मग मी आग्रहाला सुरुवात केली. वाढप्याच्या हातातलं रश्श्याचं भांडं घेऊन स्वतः वाढू लागलो. गृहस्थ म्हणाले, फारच अगत्य बुवा तुमचं. मी म्हटलं, अहो, आपलंच समजा. तेवढ्यात काउंटरवरून पापड घेऊन रेवती आली आणि तिने पैठणीवाल्या बाईंना वाकून नमस्कार केला. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाल्या, "सुखी राहा गं. छानसं स्थळ मिळू दे तुला."

छानसं स्थळ मिळू दे? म्हणजे आमचं नाही, दुसरं बघ? रेवतीचा चेहरा पापडासारखा मोडला. हिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. नकार इतका गोड आवाजात मी कधी ऐकला नव्हता.

पण मी हार मानणाऱ्यातला नाही. मी मुलीचे गुण सांगायला घेतले. शिक्षण, नोकरी, स्वयंपाक, पोहण्यातलं बक्षीस, सगळं. बाई प्रत्येक गुणाला मान डोलवायच्या आणि वर म्हणायच्या, मिळेल हो, एवढ्या गुणी मुलीला कुणीतरी नक्की मिळेल. मी जिलेबी मागवली. ताक मागवलं. त्या नको नको म्हणत असताना अजून दोन पाव वाढले.

नेमकं याच वेळी कुणीतरी माझ्या खुर्चीमागे येऊन उभं राहिलं. साधा बुशशर्ट घातलेले बारकेसे गृहस्थ आणि सुती साडीतल्या बाई. माझ्या तोंडाकडे निरखून बघत ते म्हणाले, "सर, ते तुम्हीच का..."

इथे माझ्या मुलीचं लग्न मोडतंय आणि याला टेबलाची घाई! मी म्हटलं, अहो, डोक्यावर काय उभे राहता, पाहुणे जेवतायत, दिसत नाही का? ते हातातला मोबाइल दाखवत पुन्हा काही बोलायला गेले. मग मात्र माझा मैदानावरचा आवाज लागला.

"तिकडे लाईन आहे. एकामागे एक उभं राहायचं. मध्ये घुसायचं नाही."

बिचारे गेले. हात धुवायच्या बेसिनपाशी टेबलाच्या लाईनीत शेवटी जाऊन उभे राहिले. मी लांबूनच बोटाने खूण करून त्यांना जरा सरळसुद्धा उभं केलं. काय बुद्धी झाली होती, देव जाणे.

इकडे जाकीटवाले गृहस्थ तृप्तीचा ढेकर देऊन उठले. म्हणाले, इथेच पुढे कार्यालयात पुतण्याचं लग्न आहे, निघायला हवं. मग खिशात हात घालत म्हणाले, "मालक, खाऊ घालावं तर तुम्ही. बिल तुमच्याकडेच द्यायचं ना?"

मालक? मी म्हटलं, कसलं बिल, निखिलरावांना काय वाटेल!

"निखिलराव कोण?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात रेवतीने माझी बाही ओढली. म्हणाली, "बाबा, निखिल तो बघा." गाडी लावून धापा टाकत आलेला निखिल लाईनीच्या शेवटी उभा होता आणि त्या बुशशर्टवाल्यांना विचारत होता, "पप्पा, तुम्ही इथं का उभे?" हिने पर्स उघडली. मोबाइलवर येवल्याचे सहा मिस्ड कॉल!

मी लाईनीकडे कसा गेलो ते मला आठवत नाही. हात जोडले, माफी मागितली, चला बसा म्हटलं. मला तर रडूच यायचं बाकी होतं. पैठणी बघून फसलो, असं मी विहीणबाईंना सांगितलं. त्या हसू दाबत म्हणाल्या, "दादा, पैठणी नेसून रश्श्याजवळ कोण येईल? डाग जायचा नाय तो."

व्याही मात्र जागचे हलेनात. चेहरा एकदम गंभीर.

"राहू द्या सर. आमच्या पुढं अजून दोन घरं हायत. नंबर आला की बसू."

मग काय करता? धरलेलं टेबल सोडून आम्ही तिघंही त्यांच्या मागे लाईनीत उभे राहिलो. तिथेच ओळख झाली, तिथेच विहिणी-विहिणींच्या गप्पा रंगल्या, आणि पोरं तर आमच्यापासून चार हात लांब जाऊन कधीच बोलायला लागली होती. व्याही मात्र पुढे किती घरं राहिली तेवढंच मोजत होते.

शेवटी टेबल मिळालं. पहिला घास घेऊन त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मुलगी पसंत हाय आम्हाला. पण एक अट हाय."

अट म्हटल्यावर मुलीच्या बापाचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. ही माझ्याकडे बघायला लागली. मी घसा खाकरून म्हटलं, बोला.

"लग्नात दारावर पाव्हण्यांच्या स्वागताला तुम्ही उभं राहायचं नाय," व्याही म्हणाले. "आमच्याकडची माणसं आत यायला पाहिजेत."