पाटणकरसाहेबांचा सोमवार

श्री. यशवंतराव पाटणकर यांची आणि माझी पहिली भेट सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कुवेतमधल्या आमच्या रस्ते-आराखड्याच्या कचेरीत झाली. पुण्याहून स्थापत्याची पदवी घेऊन मी नुकतीच रुजू झाले होते. दक्षिणेकडच्या वफ्राच्या शेतमळ्यांकडे जाणाऱ्या रस्त्याचा माझा पहिला नकाशा त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि विचारलं, "मळ्यांवरचे मजूर उतरणार कुठे?"

"बसथांबा कामाच्या यादीत नाही, साहेब."

"मजूरही यादीत नाहीत. उन्हात आहेत."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते मला वफ्राच्या फाट्यावर घेऊन गेले. बस येईपर्यंत आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. परत आल्यावर मी नकाशात थांबा आणि त्यावर छप्पर काढलं. ते मंजूर करून घ्यायला साहेबांना तीन बैठकांत भांडावं लागलं. छप्पर आजही उभं आहे.

साहेब स्वतः गाडी चालवत नाहीत. एका डोळ्याची दृष्टी त्यांनी तरुणपणीच गमावली. रस्ते आखणारा माणूस बसने कामावर येतो, यावर कचेरीत विनोद होतात. त्यांतले बरेचसे साहेबांचेच असतात.

यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि नोकरीही संपते आहे. गावी परतण्याआधी ते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ऑस्ट्रेलियाला जाणार आहेत. मेलबर्नला भाचीकडे शुक्रवारी बारसं, मंगळवारी परतीचं विमान. मधले तीन दिवस दोघांचे. शनिवारी रेल्वेने जिलाँग, तिथून दक्षिण किनाऱ्याच्या रस्त्याने बसने अपोलो बे. रविवारी ऑटवेच्या राष्ट्रीय उद्यानातलं जंगल. सोमवारी मेलबर्नच्या ट्राम. ट्राम साहेबांसाठी, त्यांच्या मार्गांचे नकाशे ते वर्षानुवर्षं जमवत आले आहेत. जंगल काकूंसाठी. काकू सावंतवाडीकडच्या. इथे वीस वर्षं त्यांनी बाल्कनीतल्या कुंड्यांवर भागवलं आहे.

वेळापत्रकं भाचीने टपालाने पाठवली. प्रवासाचा तक्ता मी केला आणि तपासलाही मीच. जंगलाच्या बसच्या वेळापत्रकात सोमवार ते शुक्रवार असे पाच रकाने होते. आमच्या कचेरीचा छापील तक्ता शनिवारी सुरू होतो, कारण इथे सुट्टी शुक्रवारी. ते पाच रकाने मी सवयीने पहिल्या पाच चौकटींत, म्हणजे शनिवार ते बुधवार, उतरवले. रविवारच्या चौकटीत बस आली. प्रत्यक्षात रविवारी ती बस नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा विमानाची तिकिटं निघाली होती आणि काकूंनी चालायचे बूट घेतले होते.

मी सबाह अल-सालेममधल्या त्यांच्या घरी जाऊन सांगितलं.

"म्हणजे जंगल नाही?" काकूंनी विचारलं.

साहेबांनी तक्ता डोळ्याजवळ धरून पाहिला. मग म्हणाले, "रविवारी समुद्रावर बसू. जंगल सोमवारी."

"अहो, आणि तुमच्या ट्राम?"

"त्या रुळांवर आहेत. जातात कुठे?"

"हो, आणि मग जन्मभर मला ऐकवाल."

"रोज नाही. शुक्रवारी सुट्टी."

काकू हसल्या. मला हसता आलं नाही. मी निघताना माफी मागितली, तेव्हा साहेबांनी कोरा तक्ता माझ्यासमोर धरला. "नवा तूच कर, मेघना. माणूस कुठे चुकतो, ते आता तुला सगळ्यांत चांगलं माहीत आहे."

पुढे त्यांनी हा प्रसंग कचेरीत कुणाला सांगितला नाही. त्यांच्या साठीनिमित्तच्या या लेखात मी तो लिहिते आहे, कारण त्यांच्याविषयी मला जे सांगायचं आहे ते त्यातच आहे.

नवा तक्ता मी पाच वेळा तपासला आहे. सोमवारी संध्याकाळी जिलाँगला बस आणि रेल्वे यांच्यात अकरा मिनिटं मिळतात. काकूंच्या गुडघ्यांना ती पुरतील का, हे कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेलं नाही, आणि तेवढ्यासाठी मी रोज तो कागद पुन्हा उघडते. पुढच्या आठवड्यात ते दोघे निघतील.

साहेबांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचा तो एक डोळा आणि काकूंचे गुडघे पुष्कळ वर्षं साथ देवोत, म्हणजे ट्रामसाठी त्यांना पुन्हा जाता येईल. त्या फेरीचा तक्ता मी कचेरीच्या छापील कागदावर करणार नाही. त्यात पहिली चौकट सोमवारची असेल, आणि तिच्यात फक्त ट्राम.