गणेशपुरीच्या ऊन पाण्यात दोन गुडघे

लिहिणार : दामोदर हरी म्हात्रे, वय छप्पन्न, धंदा अर्ज लिहिणे, राहणार कामतघर, भिवंडी. सोबत : पत्नी सौ. सुलभा. प्रवासाचा दिवस : पौषातला रविवार, सकाळची पहिली एस.टी. तक्रारीचा विषय : सौ. सुलभाचे दोन्ही गुडघे, त्यांतही डावा अधिक. साक्षीदार : निजामपुऱ्यातील लूम-कारीगर रामअवध आणि गणेशपुरीच्या जानकीबाई. दोघांशीही ओळख कुंडावरच झाली.

आता हकीकत. सुलभाने कामतघरच्या कारखान्यात एकोणीस वर्षे कांडी भरली (कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी सुताची नळी). हे काम उभ्याने चालते. डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो पाहून झीज सांगितली, गोळ्या दिल्या आणि शेक घ्यायला सांगितले. येत्या माघात आमच्या प्राजक्ताचे लग्न आहे. साखरपुड्यात मुलाच्या आत्याबाईंना कोणीतरी सुचवले, की कन्यादानाला मुलीच्या आईला खुर्ची द्यावी. आत्याबाई म्हणाल्या, "खुर्ची? आमच्यात नाही हो चालत. आईबाप पाटावरच बसतात."

सुलभा चटकन बोलून गेली, "बसेन की पाटावर. त्यात काय!"

घरी येऊन तिने पाट मांडला. पलंगाचा आधार घेऊनही तिला खाली बसता आले नाही. पाट पुन्हा भिंतीला लावून ती भाजी निवडायला गेली. म्हणून मी गणेशपुरीच्या उन्हाळ्यांचा (गरम पाण्याच्या झऱ्यांचा) निर्णय घेतला व तिला तो कळवला.

कंडक्टरने विचारले, "काका, गणेशपुरी दोन? दर्शन का आंघोळ?"

"औषधोपचार," मी सांगितले.

"म्हणजे आंघोळच," असे म्हणून त्याने तिकिटे दिली.

नदीनाका, शेलार मागे पडले. गोदामांच्या रांगा संपता संपत नव्हत्या. पुढे मात्र दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची शेते लागली. खोडक्यांवर दव होते आणि बांधावर वालाचे वेल पसरले होते. रस्त्याच्या अवस्थेविषयी मी येथे लिहीत नाही, कारण तो स्वतंत्र अर्जाचा विषय आहे. एका खड्ड्यात गाडी अशी आदळली, की सुलभा माझा दंड धरून म्हणाली, "अहो, गुडघ्यांच्या अर्जात आता कंबरही घाला." साखरपुड्यानंतर प्रथमच ती थट्टेच्या सुरात बोलत होती. मला बरे वाटले.

गणेशपुरीत उतरलो तेव्हा ऊन नुकतेच पडले होते. कुंडांवरून वाफ उठत होती आणि हवेला गंधकाचा वास होता. बायकांचे कुंड भिंतीपलीकडे होते. मी सुलभाला सूचना दिल्या : सर्वांत गरम कुंड निवडावे, गळ्यापर्यंत बसावे, वीस मिनिटांच्या आत उठू नये. तिने मान हलवली. ती होकाराची नव्हती, हे मला नंतर कळले.

पुरुषांकडे तीन कुंडे होती : एक कोमट, एक गरम आणि तिसरे चांगलेच कढत. तीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. खालच्या कचेरीत दाद लागली नाही, की वर जावे, आणि वरचा निकाल अधिक पक्का असतो, हे मी शेकडो माणसांना समजावले आहे. त्याच न्यायाने मी पहिली दोन कुंडे सोडून थेट तिसऱ्याच्या पायऱ्या उतरू लागलो.

पायरीवर बसलेला एक सडपातळ माणूस म्हणाला, "चाचा, सीधा मत उतरो. पहले उस में बैठो, फिर इस में आओ." तोच रामअवध. रात्रपाळी करणाऱ्या या कारीगराची पाठ धरते, म्हणून तो सुट्टीच्या दिवशी येथे येतो.

"मेरे को मालूम है," मी म्हणालो आणि गळ्यापर्यंत बसलो.

पहिली काही मिनिटे स्वर्ग होता. मान सैल झाली, खांदे खाली आले, लिहून लिहून आखडलेला अंगठा सुटला. मी घड्याळ पाहत राहिलो. अठराव्या मिनिटाला समोरची भिंत हळूच डावीकडे सरकली. मी उठलो, तर पायऱ्याही सरकल्या. त्यानंतरचे मला आठवते ते एवढेच, की मी फरशीवर आडवा होतो, पाय पायरीवर टेकवलेले होते आणि रामअवध ओल्या पंच्याने वारा घालत होता.

"चाचा, ये लूम नहीं है," तो म्हणाला, "कि ज़्यादा चलाओगे तो ज़्यादा कपड़ा निकलेगा."

त्याने मला घोट घोट पाणी पाजले. अर्ध्या तासाने, त्याच्या सांगण्यावरून, मी कोमट कुंडात पाच-सात मिनिटे बसलो. अंग हलके झाले, श्वास मोकळा झाला, डोळ्यांवर गोड झोप आली. वाचकांच्या उपयोगासाठी नमूद करतो : ऊन पाण्यात स्नायू सैल होतात, सांधे मोकळे होतात, दुखणे उतरते, परंतु थोडा वेळ बसावे, पाणी पीत राहावे, आणि ज्याला रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल त्याने आधी डॉक्टरांना विचारावे. माझ्यासारखे घड्याळाशी भांडू नये.

इतक्यात सुलभा भिंतीच्या आडून आली. तिच्यासोबत साठीतली एक काटक बाई होती. सुलभाचा चेहरा लालसर आणि टवटवीत दिसत होता. मुख्य म्हणजे ती न लंगडता चालत होती.

"ह्या जानकीबाई," ती म्हणाली. "भातकापणी संपली की रोज येतात. मला त्यांनीच बसवलं. आधी कोमट पाण्यात, मग थोडा वेळ गरम पाण्यात, पुन्हा बाहेर."

"आणि माझ्या सूचना?"

जानकीबाई म्हणाल्या, "तुमच्या सूचना बायनं आमाला सांगितल्या, दादा. आमी लय हसलो." मग माझ्याकडे निरखून त्यांनी विचारले, "तुमी पिवळे का दिसता? चक्कर आली का काय?"

मी विषय बदलून जेवणाचा प्रस्ताव मांडला. जानकीबाईंच्या ओळखीची घरगुती खानावळ होती. तेथे सारवलेल्या ओटीवर पाट मांडून वाढत असत. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, भाजलेला सुका बोंबील. मी सुलभासाठी खुर्ची मागणार, तोच ती म्हणाली, "थांबा." भिंतीला हात लावून, एक पाय पुढे सोडून, ती हळूहळू खाली गेली आणि पाटावर बसली. मांडी पुरती वळली नव्हती, पण बसली होती.

"बसले हो!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, की वाढणारी बाई दचकली. त्या जेवणाची चव मी विसरणार नाही. सुलभाने भाकरी दोनदा मागितली आणि प्राजक्ताच्या लग्नात कोणते लुगडे नेसायचे, हेही तेथेच ठरवले.

पंगत उठली. सुलभा उठू लागली आणि तिला उठता येईना. तिने दोन्ही हात टेकले, एक गुडघा उचलला, पुन्हा खाली बसली. शेवटी जानकीबाईंनी एका बाजूने आणि वाढणाऱ्या बाईने दुसऱ्या बाजूने धरून तिला उभे केले.

"पाणी गुण देतं, बाय," जानकीबाई म्हणाल्या. "पन नवा गुडघा न्हाय देत. माझं बी तसंच हाय. मी बसते, आन् नात उठवते."

परतीच्या गाडीत सुलभा डावा पाय लांब करून बसली. मी म्हणालो, "आपण दर रविवारी येऊ. माघापर्यंत चार रविवार मिळतील. तू पाटावर बसशील."

"येऊ की. फार बरं वाटलं," ती म्हणाली. "पण पाटावर मी बसणार नाही."

"आत्याबाईंना शब्द दिला आहेस."

"दिलाय. पण बसले तर मला दोघींनी उचलायचं, तेही सगळ्या मांडवासमोर. आणि पुन्हा दुखायला लागलं, तर पाठवणीला पोरीबरोबर दारापर्यंत कोण जाणार? मला तिच्याबरोबर चालत जायचंय, अहो. बसण्यापेक्षा ते मोठं."

घरी आल्यावर तिने गरम पाण्याचे घमेले पायांखाली घेतले आणि मला कागद पुढे ओढायला सांगितले. पुढील मजकूर तिने वाचून संमत केलेला आहे.

आमच्या ज्ञातीच्या मासिकाच्या या अंकाचे वाचक असलेल्या आमच्या व्याहीमंडळींस, विशेषतः आदरणीय आत्याबाईंस, नम्र विनंती : कन्यादानाच्या वेळी वधूची आई खुर्चीवर बसेल. तिचा पती या नात्याने मीही तिच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसेन, म्हणजे ती एकटी उंच दिसणार नाही. वधूचा हात तितक्याच श्रद्धेने दिला जाईल. पाठवणीच्या वेळी तिची आई दारापर्यंत स्वतःच्या पायांनी येईल, याची हमी आम्ही दोघे देतो. या दोन खुर्च्यांस आपली संमती असल्याचे दोन ओळींचे उत्तर मुहूर्तापूर्वी मिळावे, म्हणजे सुलभाला त्या दिवशी लेकीकडे सोडून दुसरीकडे कोठे पाहावे लागणार नाही.

आपला व्याही,
दामोदर हरी म्हात्रे