सरासरीत लपवलेला तारा

त्या ताऱ्याचा वेग दोनदा मोजला गेला होता आणि दोन्ही वेळचे आकडे माझ्याजवळ होते, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या विद्यार्थिनीला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

मी ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे मोठी दुर्बीण नाही. परदेशातला एक सहकारी निरीक्षणं घेतो, आकडे मेलवर पाठवतो आणि मी इथे लश्कर भागातल्या घरी पंख्याखाली बसून त्यांचा अर्थ लावतो. आपल्या आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या फिकट, बटू दीर्घिका हा माझा विषय. काही तर इतक्या फिकट, की त्यांतले मोजता येण्याजोगे तारे एका लग्नाच्या पंगतीलाही पुरायचे नाहीत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा कंपू भागातल्या हॉस्पिटलात होते. हे दुखणं शेवटचं आहे, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. एकदा मोसंबी सोलताना त्यांनी विचारलं, "तुझं ते अंधाराचं काय झालं रे?"

"कृष्णद्रव्य, अण्णा."

"तेच ते. दिसत नाही, तर आहे कशावरून?"

मी सांगितलं, तारे किती वेगाने इकडेतिकडे जातात ते मोजायचं. वेग जास्त असेल, तर त्यांना धरून ठेवायला वजनही जास्त लागणार, नाहीतर ते केव्हाच उधळले असते. दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन तेवढं भरत नाही. उरतं ते न दिसणारं.

"म्हणजे घरातली पोरं किती उड्या मारतात त्यावरून बापाची जरब ओळखायची," अण्णा म्हणाले आणि स्वतःच हसले. मग म्हणाले, "सापडलं का पण?"

मी "हो" म्हणालो.

अर्धं खरं होतं. माझ्या दीर्घिकेत एक तारा इतरांपेक्षा फार वेगाने जात होता. तारे मुळातच थोडे, त्यामुळे तो एकटा सगळं उत्तर फिरवत होता. तो धरला तर दीर्घिका कृष्णद्रव्याने ठासून भरलेली. सोडला तर हातात काहीच नाही. "सांगता येत नाही" असं लिहून पेपर गुंडाळायचा.

या कामावर माझी एक विद्यार्थिनी पीएचडी करत होती. पाटणकर बाजारात तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. घरात मराठी, पण वाक्य अर्ध्यावर आलं की ती हिंदीत उतरायची. एके दिवशी माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "सर, हा तारा मला जोडीतला वाटतो. इसकी चाल पे मुझे भरोसा नहीं."

तिला म्हणायचं होतं ते असं. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील, तर आपल्याला दिसणारा कधी आपल्याकडे येतो, कधी दूर जातो. तो वेग त्याच्या जोडीदाराचा प्रताप. दीर्घिकेच्या खाती तो मांडला, तर तिला खोटं वजन मिळतं. ओळखायचा उपाय सोपा: पुन्हा मोजायचं. आकडा बदलला, तर जोडी.

"दुसऱ्यांदा मोजलाय का, सर?"

दुसरा आकडा माझ्याकडे आलेला होता. बदललेला होता. खूप.

"एकदाच मोजलाय," मी म्हणालो. "आलंय ते तुझ्या तक्त्यात आहे."

आलं होतं ते सगळं तक्त्यात नव्हतं. मी दोन्ही आकड्यांची सरासरी काढून एकच आकडा तिच्या तक्त्यात घातला होता. सरासरीनंतरही तारा इतरांहून पुरेसा वेगळा राहत होता. उत्तर टिकत होतं. आमच्या कामात दोन मोजमापांची सरासरी काढतातच, पण ती दोन्ही जुळत असली तर. न जुळणाऱ्यांची काढली, की सरासरी पुसण्याचं काम करते. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असूनच केलं.

पेपर आला. पहिलं नाव तिचं. अण्णांना उशाशी बसून वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. ते गेले त्या वर्षी गणपतीत आमच्या मराठी मंडळाने मला शाल-नारळ दिला. ती दुसऱ्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

पुढे दुसऱ्या एका गटाने मोठ्या दुर्बिणीतून तो तारा पुन्हा पुन्हा पाहिला. जोडीतला निघाला. आमच्या दीर्घिकेचं वजन वाऱ्यावर गेलं. ती तेव्हा एका संस्थेत जागेसाठी इंटरव्यूला बसली होती. त्यांनी विचारलं, तारा जोडीतला असेल ही साधी शंका तुम्हाला आली नाही? ती म्हणाली, माझी चूक झाली.

हे तिनेच मला सांगितलं, मागच्या महिन्यात, पडाव भागात. मी स्टेशनकडे निघालो होतो. ती आता तिथल्या एका कोचिंग क्लासात शिकवते.

"सर! चहा घ्या. मास्तरीण कमावते आता."

टपरीवर मी विचारलं, "शंका आली होती, असं का नाही सांगितलंस त्यांना?"

"सांगून? शंका आली आणि मग गप्प बसले, हे तर और खराब ना? मी तुम्हाला एकदा विचारलं आणि सोडून दिलं. पुन्हा विचारायला हवं होतं. पुन्हा मोजायला लावायला हवं होतं." तिने कप खाली ठेवला. "आता संशोधनाच्या जागेसाठी शेवटचा एकदा अर्ज करणार आहे, सर. यानंतर घरचे थांबणार नाहीत. शिफारस द्याल? त्यात एवढं लिहा, की ही चुकीतून शिकते."

मी काय म्हणालो? "लिहितो" म्हणालो. चहाचे पैसेही तिनेच दिले.

तेव्हापासून रोज बसतो. "चुकीतून शिकते" हे शब्द टाइप करतो आणि खोडतो. खरं लिहिलं, तर माझं नाव, नोकरी, ती शाल, अण्णांना दिलेलं उत्तर, सगळं जातं. न लिहिलं, तर ती जाते. अर्जाची मुदत या आठवड्यात संपते आणि मी अजून हिशेब करतो आहे, जणू यातही काही सरासरी निघेल.

तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर खोटं होतं, हे मला तिला तोंडावर सांगायचं आहे, आणि तिचा अर्ज वाचणाऱ्यांना लेखी. ते दोन आकडे तिला वेगवेगळे द्यायचे आहेत. अजून दिलेले नाहीत.