इवायाचं इंजिन

मिस्त्र्यानं नात्यातली गाडी हातात घेऊ नये, हे मले माह्या उस्तादानं पयल्याच वर्षी सांगतलं होतं. मी ते तीस वर्षं पाळलं बी. साळा असो का साडभाऊ, मी हात जोडून सांगायचो, बाप्पा, आर्वीले जाय, वर्ध्याले जाय, माह्याकडे लय काम पडलं आहे. पण इवायाले कसं सांगता? इवाई म्हणजे पोरीचा सासरा. पोरीच्या सासऱ्याले 'नाई' म्हणाची सोय आपल्या समाजानं कोठं ठेवली आहे? त्याईनं रात्रीले दिवस म्हटलं, का आपण म्हणाचं, हो ना, ऊन लय आहे आज.

माहं दुकान तळेगावले, हायवेच्या कडेले. पोरगी देल्ली आष्टीकडच्या एका गावात. घर चांगलं, जमीन ओलिताची, संत्र्याचा बगीचा, घरचा ट्रॅक्टर. पोरगी तळेगावच्या एका शाळेत शिकवते. शाळा भरते साडेसातले अन् तिच्या गावाहून पयली बस निघते नवाले. म्हणून ती सासऱ्याच्या मोटारसायकलवर येणं-जाणं करे. माह्या दुकानात वाढलेली पोरगी, बारावीत असतानाच प्लग काढून साफ करे, चेन ओढे. जावयापेक्षा गाडी चांगली चालवते, पण हे मी कोणाच्या तोंडावर कधी म्हटलं नाई. पुन्हा तेच, मी पडलो पोरीचा बाप.

चार वर्षांआधीची गोष्ट. हिवाळ्याचे दिवस. शाळेतून परत जाता जाता गाडी रस्त्यातच जाम झाली. किक खाली जाईना. पोरीनं ती दोन किलोमीटर ढकलत घरी नेली. दुसऱ्या दिवशी इवाई गाडी ट्रॉलीत टाकून माह्या दुकानासमोर हजर. सोबत गावचे दोन जाणते. घरी मी त्याईच्यासाठी 'इवाई' असतो, दुकानात आले का 'मिस्त्री' होतो. म्हणाले, मिस्त्री, सूनबाईनं इंजिन बसवलं पाहा, पार जाम करून टाकलं. दहा वर्षं माह्या हाती होती, कधी हूं का चूं केलं नाई. बाईच्या हाती गेली अन् वर्षात खल्लास. दोन्ही जाणत्याईनं माना हलवल्या. मंग मीही हलवली. आजही ते आठवलं का मले माहाच राग येते.

ते चहा पिऊन गेले अन् दुपारी मी इंजिन खोललं. ब्लॉकमध्ये, जिथं पिस्टन वरखाली होते तिथं, कोणी नखं मारल्यावानी रेघा. वरचं हेड कोरडं ठणठणीत. म्हणजे तेल वर पोचलंच नाई. काऊन नाई पोचलं म्हणून बाजूचं कव्हर काढलं. तिथं तळाशी तेल गाळाची एक जाळी असते, काडीपेटीपेक्षा थोडी मोठी. ती काळ्या चिखलानं गच्च भरली होती अन् त्या चिखलात सूत होतं. कापडाचं बारीक सूत. पाह्यल्याबरोबर मले सगळं कळलं.

इवायाले एक नाद होता अन् त्या नादाचा भारी अभिमान होता. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग झाली का जुनं काळं तेल ते फेकत नसत. तसं कोणीच फेकत नाई, बैलगाडीच्या चाकाले लावते, चौकटीले उधई-वाळवी लागू नये म्हणून फासते. पण हे गृहस्थ ते तेल जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळत अन् मोटारसायकलीत टाकत. पोरीच्या लग्नाच्या बैठकीतच त्याईनं मले हे ज्ञान देल्लं होतं. गाळलं का नव्यासारखंच होते, म्हणे, तुम्ही मिस्त्री लोक उगाच लोकाईले नवीन तेल टाकाले लावता. मी तवा हसलो होतो. लग्न जुळाचं होतं ना.

तर इंजिन बसलं होतं त्या तेलानं. पोरीचा काडीचा दोष नव्हता, अन् पुरावा माह्या हातात होता. मंग मी काय केलं? पेट्रोलचा डबा ओढला, ब्रश घेतला अन् जाळी चकचकीत धुऊन काढली. हात सवयीनं गेला असं मी घरी बायकोले सांगतलं. खोटं. मुद्दाम धुतली. मले वाटलं, हे सूत दाखवलं तर इवायाच्या नाकाले मिरच्या झोंबतील अन् तो राग घरी जाऊन पोरीवरच निघन. बायको म्हणाली, बरं केलं, इवायाच्या तोंडी लागू नका, पोरगी सुखानं नांदून राह्यली आहे. आम्ही दोघंही मूग गिळून बसलो.

वरून मी आणखी एक शहाणपणा केला. इवायाले फोन लावला अन् म्हटलं, हे इंजिन बांधण्यात अर्थ नाई, नागपूरच्या भंगार बाजारातून चालू हालतीतलं दुसरं आणून टाकू. त्यात माहा हिशोब असा, का बांधाचं म्हटलं तर एकेक सामान गिऱ्हाइकासमोर मांडा लागते. हे काऊन घासलं, ते काऊन जळलं, सांगा लागते. दुसरं इंजिन टाकलं का जुनं जाते भंगारात. कोणी काही विचारत नाई. मी म्हटलं, सुटलो.

कायचा सुटतो! तिसऱ्या दिवशी इवाई आले. म्हणे, दुसरं नको, हेच बांधा, बसमधला कंडक्टर म्हणत होता ओरिजिनल ते ओरिजिनल. बरं बांधतो, म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा आले. म्हणे, हाफ करता का फुल? आमच्या धंद्यात हाफ म्हणजे वरचं काम, पिस्टन, ब्लॉक अन् हेड. फुल म्हणजे खालचा क्रँकबी, इंजिनचा फिरता दांडा, काढाचा. गावच्या किराणावाल्यानं त्याईले सांगतलं होतं का फुल करू नका, त्यात मिस्त्री चांगलं सामान काढून घेते अन् भंगार टाकून देते. माह्याच खुर्चीत बसून मले चोर म्हणून राह्यले अन् वरून चहात साखर कमी आहे म्हणून राह्यले. मी साखर आणाले गेलो.

मंग कोण्या कंपाउंडरनं सांगतलं, दुसरं इंजिन टाकलं तर त्याचा नंबर आर.सी. बुकावर चढवा लागते, वर्ध्याच्या ऑफिसात चकरा मारता मारता चपला झिजतात. हे मात्र खरं होतं. पण मी मिस्त्री, हे मी सांगतलं तवा ऐकलं नाई अन् सुई टोचणाऱ्याचं पटलं. मंग कोणी म्हटलं गाडीच विका. कोणी म्हटलं विकू नका, पायगुणाची आहे. उंटावरचे शहाणे रोज नवे. इवाई प्रत्येकाचं ऐकत अन् माह्याकडे येऊन ओतत. बारा दिवस ते इंजिन माह्या टेबलावर उघडं पडून होतं अन् मी बाकीच्या गाड्या खाली जमिनीवर मांडी घालून खोलत होतो. गुडघ्याची वाट लागली. गिऱ्हाईक विचारे, मिस्त्री, खाली काऊन बसले? आता काय सांगू, वर इवाई झोपले आहेत?

या सगळ्यात पोरगी दुधाच्या गाडीत बसून शाळेत येऊन राह्यली होती. रोज उशीर. शाळेच्या मोठ्या बाईनं तिले सांगून टाकलं होतं का या महिन्याच्या शेवटापर्यंत वाट पाहू, मंग दुसरी मास्तरीण पाहू. हे मले तिनं नाई सांगतलं. शाळेचा शिपाई पंक्चर काढाले आला होता, त्यानं सांगतलं.

तेराव्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर ती दुकानात आली. मी स्टूल पुढं सरकवला, ती बसली नाई. टेबलापाशी उभी राहून तिनं पिस्टन हातात घेऊन फिरवला, ब्लॉकमधून बोट फिरवलं, हेड पाह्यलं. मंग विचारलं, जाळी कोठं आहे? मी काढून देल्ली. तिनं ती उजेडाकडे धरली. एकदम कोरी, जशी पाकिटातून काढली.

"तुम्ही धुतली," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुह्याचसाठी धुतली बाई, घरात भांडण नको म्हणून. ती काही ओरडली नाई. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सांगतलं का मामाजीले, म्हणजे सासऱ्याले, अन् तुमच्या जावयाले मी तीनदा म्हटलं होतं, नवीन तेल टाका. कोणी ऐकलं नाई. अन् आता घरात ठरलं आहे, तुम्ही हाफ करा, फुल करा, नागपूरचं आणा, काही करा, गाडीची चाबी मले भेटणार नाई. एवढं सांगून तिनं फडक्याले हात पुसले अन् बसस्टँडकडे चालली गेली.

म्हणजे बारा दिवस आम्ही कायचा विचार करून राह्यलो होतो? ते इंजिन जिच्या कामाचं होतं तिचा हात त्यावरून काढूनही टाकला होता, अन् त्याले कारण झाला बाप. मले इतकी शरम वाटली का त्या दिवशी बाकी कोणत्याच गाडीले हात लावला नाई. बायकोवर चिडलो, ती माह्यावर चिडली, दोघंही बरोबर होतो.

दुसऱ्या दिवशी बाजार. इवाई आले, दोन्ही जाणते आले, झोळ्या खाली ठेवून बसले. इवाई म्हणे, फायनल सांगतो मिस्त्री, दुसरंच इंजिन टाका. अन् आता सूनबाईले गाडी बंद. महिना झाला का नोकरीबी सोडते ती, घरी काय कमी आहे?

मी उभा होतो. म्हटलं, "इवाई, इंजिन पोरीनं नाई बसवलं. तुमच्या गाळलेल्या तेलानं बसवलं."

त्याईच्या हातातली बशी तशीच राह्यली. मंग हसले. म्हणाले, बाप आहे ना, पोरीची बाजू घेणारच. कायवरून म्हणता? आता कायवरून म्हणू? पुरावा मीच पेट्रोलमध्ये सोडला होता. तवा मले आठवलं, क्रँकच्या टोकाले एक वाटी असते. तेलातला राह्यला-साह्यला गाळ फिरता फिरता तिच्यात जमते. फुल काम असलं तरच ती उघडतात, म्हणून मी उघडली नव्हती. त्याईच्यासमोर तीन स्क्रू काढले. वाटी साफ निघाली असती तर तळेगावात तोंड दाखवाले जागा नव्हती. आत काळा गाळ थापून बसला होता. स्क्रू-ड्रायव्हरनं कोरून काढला, पेट्रोलमध्ये हलवला, अन् बोटावर घेऊन दाखवला. बारीक सूत, हिरवट. एक जाणता जवळ येऊन पाहून म्हणाला, हे तं लुगड्याचं सूत होय.

मी म्हटलं, याच्यापेक्षा जास्त जाळीत होतं. ते मी पयल्याच दिवशी धुऊन टाकलं. ते माहं चुकलं.

मले वाटलं आता इवाई उठतील, चार गोष्टी सुनावतील. ते बसूनच राह्यले. माह्या बोटाकडे पाहत होते. मंग हळूच विचारलं, "मंग इतके दिवस काऊन नाई बोलले, इवाई?" दुकानात पयल्यांदा इवाई म्हटलं. ते उठले, झोळी उचलली, म्हणाले फुल करा, अन् उरलेला चहा तसाच ठेवून गेले.

मी फुल केलं. क्रँक नागपूरहून प्रेस करून आणला, ब्लॉक बोर केला, पिस्टन नवा, जाळीसुद्धा नवी टाकली. असं इंजिन मी आयुष्यात बांधलं नाई. इवायानं गावात काय सांगतलं म्हणता? कंपनीच्याच मालात खोट होती म्हणे. सांगू द्या. चाबी पोरीच्या हातात परत गेली अन् महिना संपाच्या आत ती वेळेवर शाळेत जाऊ लागली. मले आणखी काय पायजे होतं?

नवीन बांधलेल्या इंजिनाचं पयलं तेल पाचशे किलोमीटरवर बदलवा लागते. मी तिच्यासाठी चांगल्यातला डबा आणून फळीवर ठेवला. ती रोज दुकानासमोरून जाय, मान हलवे. एक महिना झाला, दीड झाला. मी मनात किलोमीटर मोजत होतो, ते कधीचे होऊन गेले. शेवटी एक दिवस मीच रस्त्यावर जाऊन हात दाखवला. गाडी थांबवून तिनं इंजिन बंद केलं. म्हटलं, तेल बदलवाले आणजो ना बाई, उशीर होऊन राह्यला.

ती म्हणाली, झालं बाबा. आष्टीले करून घेतलं.

मले रागच आला. बाप इथं दुकान मांडून बसला अन् तू आष्टीले काऊन? ती रागात नव्हती. साध्या आवाजात, हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणाली, "तिथला मिस्त्री काढलेलं तेल पयले मले दाखवते, मंग फेकते."

मी बांधलेलं इंजिन एका किकेत लागलं अन् ती गेली.